पुयारोकचा चिखल

सामना खेळाडू जिंकत नसतात, मैदान जिंकतं. आणि मैदान म्हणजे मी! फेरेओल काझोबोंने हे वाक्य गुरुवारी सकाळी कॅफेच्या दारात उभं राहून सगळ्या चौकाला ऐकवलं आणि वर मिशीवरून असा हात फिरवला, जणू उद्याचा निकाल तिच्याच टोकाला पीळ घालून ठेवलाय.

आता हा फेरेओल कोण, तर पुयारोक रग्बी क्लबच्या मैदानाचा राखणदार. त्याच्या आधी त्याचा बाप राखणदार होता. मैदानाच्या फाटकाची तळहाताएवढी लोखंडी किल्ली बापाच्या कमरेवरून त्याच्या कमरेवर आली होती. चालताना ती वाजायची आणि वाजली की फेरेओलची छाती दोन बोटं पुढे यायची. जगात या कुलपाला ही एकच किल्ली, असं तो सांगायचा. बापानेही तसंच सांगितलं होतं.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हा गावाने शपथ घेतली होती, की यंदा दुसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत उडी मारायची. नाताळापर्यंत शपथ जरा खाली बसली: निदान मधोमध राहू. ईस्टरला तिने लोळणच घेतली: फक्त बुडायचं नाही. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाचं हे असंच असतं. वर बघावं तर मान दुखते, खाली बघावं तर पोटात गोळा येतो. आणि आता मे महिना, शुक्रवारी संध्याकाळी हंगामातला शेवटचा सामना, समोर समुद्रकाठचं रोकमार. दोघांचे गुण सारखे. जो हरेल तो तिसऱ्या श्रेणीत.

पुयारोकच्या संघातले पुढचे गडी म्हणजे माणसं नव्हेत, कोठारं. कप्तान गास्तों बायाक कुठे आत येऊ लागला, की आधी दाराची चौकट कण्हायची, मग तो यायचा. असल्या गड्यांना चिखल हवा. चिखलात पाय रोवायचे, खांद्याला खांदा लावायचा आणि समोरच्याला ढकलत ढकलत त्याच्या गावी पोचवायचं, एवढाच त्यांचा खेळ. रोकमारची पोरं नेमकी उलटी, दोरीवरून सुटलेल्या ओढणीसारखी भुर्रकन उडणारी. त्यांना हवं कोरडं, टणक मैदान. म्हणून तर पुयारोकच्या स्टँडमध्ये पिढ्यान् पिढ्या एकच ओवी म्हटली जायची:

माती गं माती, धर त्यांचे पाय,
आमचे तेवढे सोड, तू आमची माय.

पण यंदा मायचं दूध आटलं होतं. आठवडेच्या आठवडे पावसाचा थेंब नाही.

फेरेओलची बढाई याच्यावरच होती. तो मैदानाला पाणी पाजणार होता, हलकंसं, आमटीत मीठ घालावं तसं. यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. गैर एवढंच, की पाणी जास्त झालं आणि मैदान खेळण्याजोगं राहिलं नाही, तर महासंघाचा नियम असा, की यजमानाने सामना गमावला आणि पाहुण्यांनी जिंकला. म्हणजे तिसरी श्रेणी, तीही एक धाव न धावता.

कॅफेतला कोणीतरी म्हणाला, की फेरेओल, जरा जपून. झालं! फेरेओलने किल्ली कमरेची सोडून काउंटरवर आपटली आणि जाहीर केलं, की उद्या क्लब बुडाला तर ही किल्ली मी इथे ठेवीन आणि परत उचलणार नाही. बापाची किल्ली पणाला लावणं म्हणजे चेष्टा नव्हे.

बातमी त्याच्या आधी घरी पोचली. त्याची बायको झेली क्लबच्या खेळाडूंचे कपडे धुवायची. स्टँडच्या टोकाला तिची धुण्याची खोली आणि त्या खोलीच्या भिंतीतला नळ कित्येक हंगाम गळत होता. झेलीच्या कापडी चपला बारा महिने ओल्या. ती शांतपणे म्हणाली, "किल्ली ठेवायची तर ठेव बाबा. आधी तेवढा माझा नळ बघ."

"अगं, इथे क्लब जगतोय का मरतोय, आणि तुला नळ सुचतोय?"

"क्लब दर वर्षी मरतो," झेली म्हणाली. "माझे पाय रोज भिजतात."

गुरुवारी संध्याकाळी फेरेओलने फवारे सोडले, बोटाने माती चाचपली, फवारे बंद केले आणि घरी जाऊन तृप्त झोपला. आमटी बेतशीर झाली होती.

शुक्रवारी सकाळी फाटक उघडून तो आत गेला आणि जागच्या जागी थिजला. मैदान नव्हतंच! होतं ते तळं. निळंशार आभाळ त्यात उलटं पडलेलं, दोन्ही बाजूंचे गोलचे खांब पाण्यात पाय सोडून बसलेले आणि मधल्या रेषेवरून क्लबचे अध्यक्ष दुपुई यांच्या वाड्यातली बदकं रांगेने पोहत चाललेली, जणू त्यांनीच दुसऱ्या श्रेणीत नाव नोंदवलंय.

पहिला विचार त्याच्या मनात आला तो असा, की माझ्या फवाऱ्यात एवढा दम होता? दुसरा विचार यायच्या आतच मागून अध्यक्ष आले. दुपुईंचा बदकाचं मांस डब्यात भरायचा कारखाना, गावातलं सगळ्यात मोठं पोट आणि सगळ्यात हळवं मन. त्यांनी तळं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि प्रेतयात्रेला उभं राहावं तसे उभे राहिले. मग हळूच म्हणाले, की फेरेओल, तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नव्हतो, पण काल अग्निशमनवाल्यांना मी जरा सराव करायला सांगितलं होतं. इथे. बंबाने.

"आत कसे आले ते? कुलूप होतं."

अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली. फेरेओलच्या किल्लीची जुळी बहीण.

तेवढ्यात कप्तान गास्तों आला आणि पाठोपाठ त्याचे पुढच्या फळीतले दोघे. तिघेही शाळेत खिडकी फोडलेल्या मुलांसारखे जमिनीकडे बघत. त्यांनी मैदानाच्या कडेने जाणाऱ्या गिरणीच्या कालव्याची फळी उचलली होती, पाणी आत यावं म्हणून. फक्त बोटभर, गास्तों म्हणाला. आता गास्तोंचं बोट म्हणजे इतरांचं मनगट, हे फेरेओलला सांगायला नको होतं. मैदानात ते आले होते स्वतःच्या किल्लीने. गास्तोंच्या आजोबांनी करून घेतली होती म्हणे, अडीअडचणीला.

शेवटी पाद्री फादर आन्सेल्म आले. त्यांच्याकडे किल्ली होती, पण त्यांनी ती वापरली नव्हती. ते म्हणाले, की मी तर बाबांनो, फक्त पावसासाठी प्रार्थना केली.

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख.

"म्हणजे तुमचं पाणी अजून यायचंय," फेरेओल खोल आवाजात म्हणाला. "मागे घ्या ती प्रार्थना."

"मागे घ्यायची सोय नसते, फेरेओल."

सगळ्यांचा आमटीत मीठ घालायचा हात सारखाच प्रेमळ होता, यात शंका नाही. फेरेओलचं लक्ष मात्र कमरेकडे गेलं. किल्ली तिथे होती, पण आज ती वाजेना. एक तर ती एकटी नव्हती हे कळलं होतं. आणि दुसरं, संध्याकाळी तिला काउंटरवर ठेवायचं होतं.

त्यातून महासंघाचा निरीक्षक दुपारच्या गाडीने येणार. पावसाचा टिपूस नाही, नदीला पूर नाही, आणि मैदानावर बदकं पोहतायत. याचं कारण त्याला काय सांगायचं?

"कारण सांगायचंच नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या डोळ्यात एकदम सेनापती जागा झाला. "तुम्ही मैदान वाळवा. मी त्याला जेवायला नेतो."

निरीक्षक व्हांदेवाल उत्तरेकडचा, उंच, फिकट, हातात छत्री. स्टेशनावर उतरताच त्याने सांगितलं, की मला आधी मैदान बघायचंय, जेवायला मी सँडविच आणलंय. अध्यक्षांनी ते सँडविच त्याच्या हातातून अशा काळजीने काढून घेतलं, जसं लहान मुलाच्या हातून कात्री काढतात. आमच्याकडे दुपारी सँडविच खाणाऱ्याची आधी नाडी बघतात, असं म्हणत त्यांनी त्याला दंडाला धरून थेट आपल्या घरच्या टेबलापाशी बसवलं.

इकडे गाव मैदानावर लोटलं. द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थेतून वाइन उपसायचे पंप आले. मका वाळवायचे पंखे ट्रॅक्टरवर चढून आले. ते सुरू झाले तेव्हा असं वाटलं, की मैदानच उडून शेजारच्या तालुक्यात पडणार. लाकूड गिरणीतून भुसा आला. केशकर्तनालयाच्या मालकिणीने केस वाळवायची यंत्रं आणली आणि चार बायका गुडघ्यावर बसून गोलरेषा वाळवू लागल्या, लग्नाला निघालेल्या नवरीचे केस वाळवावेत तशा. बदकं हाकलायला गास्तोंला उभं केलं होतं. ती त्याला घाबरून दूर जायची आणि त्याची पाठ फिरली की परत यायची. रोकमारचे खेळाडू नेमकं हेच करतात, असं तो वैतागून म्हणाला.

आणि मधूनमधून फेरेओल पळत अध्यक्षांच्या खिडकीशी जायचा. निरीक्षकाची पाठ खिडकीकडे होती. फेरेओल पहिल्यांदा आला तेव्हा त्याने हात पोटरीपाशी धरून दाखवला. अध्यक्षांनी गारब्यूरचा, म्हणजे कोबीच्या दाट सूपचा, दुसरा वाडगा वाढायला लावला. मग हात घोट्यावर आला. बदकाच्या तंगड्या आल्या, चरबीत परतलेले बटाटे आले. मग फेरेओलने बूट उचलून तळव्याचा चिखल दाखवला. चीज आलं, त्यामागून दुसरं चीज आलं, कारण पहिल्याला एकटं वाटेल म्हणे. निरीक्षक मैदानाचं नाव काढायचा आणि अध्यक्ष त्याच्या पेल्यात आर्मान्याक ब्रँडी ओतून म्हणायचे, की मैदान कुठे पळून जातंय? खिडकीबाहेरचा फेरेओल मनात म्हणायचा, वाहून जातंय हो.

दुपार कलली आणि वरून देवाने हात दिला. फादर आन्सेल्मनी मागितला होता तो हात नव्हे, दुसराच. आग्नेयेचा वारा सुटला. हा वारा सुटला की आमच्या भागात दूध नासतं, नवरा-बायको भांडतात आणि जे ओलं असेल ते पापडासारखं कडक होतं. पंखे, भुसा, ऊन आणि त्यावर हा वारा. सगळ्यांनी पाणी घातलं होतं तसंच आता सगळ्यांनी मिळून वाळवलं, आणि पुरे म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.

निरीक्षक आला तेव्हा त्याच्या गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच अडकलेला होता आणि गाल गुलाबी झाले होते. त्याने मैदानात छत्री खुपसली. छत्री आत जाईना. त्याने जोर लावला. छत्रीचं टोक वाकलं.



"फार कडक आहे," निरीक्षक म्हणाला. "खेळाडूंना लागेल अशाने. थोडं पाणी मारायला काय झालं होतं तुम्हाला?"

सगळ्या गावाने फेरेओलकडे बघितलं. शेवटी फेरेओलच पुढे झाला आणि म्हणाला, "पाण्याच्या बाबतीत आमचा हात जरा आखडता आहे, साहेब."

मैदान मंजूर झालं. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी डोळे पुसले. फक्त एक बदक तेवढं राहिलं होतं. झेलीच्या धुण्याच्या खोलीसमोर, बाजूच्या रेषेच्या आत, गवताच्या एका हिरव्यागार टिकलीवर ते ठाण मांडून बसलं होतं. गास्तोंने शेवटी त्याला काखेत मारून नेलं. ते तिथेच का बसलं, याचा विचार करायला कोणालाच वेळ नव्हता.

कारण आता गावाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मैदान कोरडं होतं. टणक होतं. रोकमारला हवं तस्सं होतं! तळं झालं असतं तर नियमाने हरलो असतो, आता खेळून हरणार. फेरेओल स्टँडच्या पायरीवर बसला. किल्लीचा पट्टा त्याने आत्ताच सोडून ठेवला. झेली शेजारी येऊन बसली. तिने त्याच्या हातात भाजलेल्या पावाचा तुकडा दिला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं आणि ते फक्त तिलाच आठवलं होतं.

"बाबा असते तर काय म्हणाले असते गं?" त्याने विचारलं.

"म्हणाले असते, आणखी एक किल्ली कुणाकडे आहे ते मला माहीत आहे."

फेरेओलने तिच्याकडे बघितलं. झेलीने एप्रनच्या खिशावर हात ठेवला. "धुणं वाळत घालायला पहाटे कशी येते मी? भिंतीवरून?"

एवढ्यात रोकमारची बस आली. दार उघडलं आणि त्यातून उतरला एक डोंगर. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा. चपळ पोरं गेली कुठे? ती घरी ठेवली होती! पुयारोकात शेवटच्या सामन्याला चिखल असणारच, हे साऱ्या दक्षिणेला पाठ. रोकमारच्या प्रशिक्षकाने शहाणपणा करून आपले सगळे जड गडी आणले होते आणि त्यांच्या बुटांना चिखलात रुतणारे लांबच लांब खिळे ठोकून आणले होते. मैदानावर पहिलं पाऊल टाकताच त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याचे गडी त्या टणक जमिनीवर खडावा घालून लगोरी खेळायला निघालेल्या बुवांसारखे खडखडत चालू लागले.

पहिल्या अर्ध्यात मग सामना असा झाला नाहीच. दोन फर्निचरची दुकानं एकमेकांवर आदळत राहिली. पण आमची कोठारं निदान सपाट जमिनीवर उभी होती, त्यांची खडावांवर. पुयारोक पुढे गेलं. स्टँडने ओवी धरली, पण आवाजात अपराध होता. मातीला काय तोंडाने साकडं घालणार?

मध्यंतरात रोकमारने बूट बदलले. आखूड खिळ्यांचे, जवळजवळ सपाट. आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यांचे डोंगर हलू लागले. आमची आघाडी विरघळत विरघळत एका गुणावर आली. वेळ संपत आला आणि गास्तोंने, बिचाऱ्याने जिवाच्या आकांताने, चेंडूवरचा हात काढायला एक क्षण उशीर केला. पंचांची शिट्टी. रोकमारला पेनल्टी. खांबांमधून चेंडू मारला की तीन गुण, आणि पुयारोक तिसऱ्या श्रेणीत.

जागा तशी सोपी होती. बाजूची रेषा जवळ, पण अंतर थोडं. मारणारा त्यांचा कसलेला गडी, हंगामभर असले चेंडू झोपेत मारणारा. त्याने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला. फेरेओलने किल्ली मुठीत घट्ट धरली. स्टँडमध्ये कुणीतरी म्हातारी अगदी हळू पुटपुटली, माती गं माती. ओवी पुढे सरकली नाही.

तो धावत आला. चेंडूशेजारी त्याने डावा पाय टेकला, आणि तो पाय गेला! केळीच्या सालीवरून जावा तसा सुळ्ळकन पुढे गेला, गडी पाठीवर पडला, उजव्या पायाचा फटका चेंडूच्या कानशिलाला लागला आणि चेंडू खांबांकडे जायच्या ऐवजी वाकडा उडून झेलीच्या दोरीवर वाळत घातलेल्या विजारींमध्ये शिरला.

शिट्टी. सामना संपला. एका गुणाने. पुयारोक दुसऱ्या श्रेणीत राहिलं.

साऱ्या स्टँडने एकदम सुस्कारा सोडला, एवढा मोठा, की दोरीवरच्या विजारी हलल्या. मग लोक रडायला लागले. अध्यक्षांनी निरीक्षकाला मिठी मारली आणि निरीक्षकानेही, रुमाल अजून गळ्यात, त्यांना घट्ट धरलं. गास्तों गवतावर आडवा पडून काखेतल्या बदकाचे मुके घेत होता. ते त्याला कुणी आणून दिलं, देव जाणे. फेरेओलला लोकांनी खांद्यावर घेतलं. वर बसल्या बसल्या त्याची छाती भरून आली आणि जीभ सुटली. तेवढी एक जागा मी मुद्दाम ओली ठेवली होती, तो सांगू लागला, बापाची युक्ती आहे, हिशोब असतो...

"खाली उतर आणि बघ," झेलीने खालून सांगितलं.

त्याला उतरवलं. सगळे त्या हिरव्या टिकलीभोवती जमले. बदक बसलं होतं, तीच जागा. पंख्यांनी वाळली नव्हती, वाऱ्याने वाळली नव्हती. गवत बाजूला केलं तर खालून पाण्याची एक बारीक, शहाणी धार येत होती, धुण्याच्या खोलीच्या भिंतीकडून. थेंब थेंब, थेंब थेंब, कित्येक हंगामांची.

फेरेओलची मिशी खाली आली.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की या नळाला क्लबच्या परवानगीशिवाय पान्हा लावायचा नाही. फादर आन्सेल्मनी त्याला आशीर्वाद दिला. त्यांचा पाऊस रविवारी आला, धो धो, त्यांच्याच चर्चच्या जत्रेवर. आणि झेलीला क्लबकडून रबरी बूट मिळाले, संघाच्या रंगाचे, डावा जरा चावणारा.

पण त्याआधी, शनिवारी सकाळी, फेरेओल कॅफेत शिरला. किल्ली कमरेला होती, पुन्हा वाजत होती, थोडी खालच्या सुरात. काउंटरवरच्या लोकांनी एकमेकांना कोपरं मारली आणि एकाने अगदी निरागसपणे विचारलं, "काय फेरेओल, सामना कोण जिंकतं म्हणालास परवा? मैदान, नाही का? आणि मैदान म्हणजे?"

फेरेओल कॉफी ढवळत राहिला. तिच्यात साखर नव्हती.

"नळ," तो म्हणाला.